एम.ए.चे पऱ्हे

मी लहान होते तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. आता सत्तरीच्या दारात उभी राहून त्या बाईकडे वळून पाहिलं की तिचे गाल ओढावेसे वाटतात. कसली भोळी, कसली घमेंडखोर, आणि दर अर्ध्या तासाला मत बदलणारी!

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि उत्तराचं भाषण करायला मिळालं. भाषणाच्या भरात मी सांगून टाकलं, "आता मी साहित्यात पीएच.डी. करणार." टाळ्या पडल्या. त्या इतक्या गोड लागल्या की मी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. मग चहाच्या वेळी केंद्रप्रमुखांनी सहज विचारलं, "बाई, एम.ए. कशात झालं तुमचं?"

एम.ए.! ते राहूनच गेलं होतं. आधी डी.एड., मग नोकरी करता करता बाहेरून बी.ए., मग मुलगा, मग त्याचं लग्न. या रांगेत एम.ए. कुठे उभंच राहिलं नव्हतं. मी चहाचा मोठा घोट घेतला आणि म्हणाले, "दोन-तीन विषय मनात आहेत." तेव्हा ते खोटं होतं. पुढे मात्र खरोखर तीनच झाले.

पीएच.डी. कशावर करायची, एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घराशेजारी एक म्हातारी राहते. गावनात्यानं ती माझी मोठमाय. सानगडीच्या या भागात धानाचा रोवणा लागला, म्हणजे पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, उपटून बांधीत, बांध घातलेल्या खाचरात, लावायचं काम सुरू झालं, की बाया ओळीनं वाकून गाणी म्हणायच्या. त्यातलं एक लांबलचक गाणं आता फक्त मोठमायलाच येतं. सासरी निघालेली मुलगी वाटेतली एकेक बांधी मोजत जाते आणि प्रत्येक बांधीत आपली एकेक वस्तू ठेवून देते. एकीत फणी, एकीत काकण, एकीत भावाची हाक. शेवटच्या बांधीत ती काय ठेवते, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी त्या आधीच माय मला घरी पिटाळायची.

हे गाणं पूर्ण लिहून घ्यायचं, त्याच्यावर अभ्यास करायचा, आणि तोही नीट, विद्यापीठाच्या शिक्क्याचा, अशी माझी हौस होती. मी वही घेऊन मोठमायच्या ओसरीवर गेले. ती म्हणाली, "बसून नाई येत वं मले."

"मग उभी राहून म्हण."

"उभ्यानं बी नाई येत. वाकलं, हात चिखलात गेला, का मंग येते. एक पेंडी लावली का एक ओळ येते. तू कायले आता जीव खाऊन राहिली? रोवण्याले ये."

म्हणजे गाणं वर्षातून पंधराच दिवस उगवणार. आणि एम.ए.चे प्रवेश? तेही नेमके त्याच दिवसांत. हे गणित मला आधी सुचायला हवं होतं. पण चौथीच्या मुलांना गणित शिकवलं म्हणून बाईला ते येतंच, असं थोडंच आहे.

आता एम.ए. कशात? आमची सून मोबाइलवर शोधून द्यायची. ती हुशार, पण एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारी.

"आई, साकोलीच्या कॉलेजात मराठी आहे. जवळ आहे, रोज येणं-जाणं होईल. भंडाऱ्याच्या केंद्रातून इंग्रजी करता येते, घरी बसून. अन् एक तुलनात्मक साहित्य म्हणून आहे, पण ते लई दूर, होस्टेलवर राहावं लागन."

"यातलं भारी कोणतं?" मी विचारलं.

आमच्याकडे धानाचे दोन प्रकार. हलकं धान लवकर निघतं, भारी धान उशिरा निघतं आणि त्याचा मान मोठा. मला भारीच पाहिजे होतं. मराठी तर काय, घरचीच भाषा. तिचं एम.ए. केलं म्हणून कोणी वळून पाहणार आहे का? इंग्रजीचं केलं तर दारावरच्या पाटीला शोभा येईल. आता लाजत नाही, सांगते: पीएच.डी.च्या आधी मी पाटीवरची अक्षरं ठरवून ठेवली होती. वहीच्या शेवटच्या पानावर त्या पाटीचं चित्रही काढलं होतं, वर गणपती, खाली नाव.

तुलनात्मक साहित्याचं नाव ऐकून तर छाती दडपली. कशाची तुलना कशाशी करायची, हे मला कळलं नाही, म्हणून ते सगळ्यात भारी असणार असं वाटलं. त्याच्या होस्टेलच्या अर्जात 'पालकांची स्वाक्षरी' असा रकाना होता. तिथे मी आमच्या ह्यांची सही घेतली. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "पालक मी होतो, पण रात्री फोन करून रडशील तर घ्याले येणार नाई हं."

मी काय केलं? आमच्या लोकांना जे येतं तेच केलं. कोणताही धानवाला पऱ्हे मोजून टाकत नाही, गरजेपेक्षा जास्तच टाकतो. एका कोपऱ्यातले सडले तर दुसऱ्या कोपऱ्यातले लावता येतात, उरले तर शेजाऱ्याला देता येतात. मी तिन्हीकडे अर्ज टाकले. जे जोमदार उगवेल ते लावू! नात त्याच वर्षी अंगणवाडीत गेली. तिचा प्रवेश एका सकाळी झाला, माझा महिनाभर चालला होता.

पण पऱ्हे आणि प्रवेश यांत एक फरक असतो, तो म्हणजे टी.सी. ती अस्सल एकच असते. मी ती पाटीच्या लोभानं भंडाऱ्याला इंग्रजीकडे जमा करून बसले, आणि मग सल्ला विचारायला साकोलीच्या कॉलेजात गेले. म्हणजे आधी बी टाकलं, मग शेत कोणाचं ते विचारायला निघाले.

तिथे मराठी शिकवणारी प्राध्यापिका माझीच विद्यार्थिनी निघाली. तिसरीत असताना ती पाटी पुसायला थुंकी वापरायची, म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती खुर्चीत आणि मी पुढ्यात. ती ताडकन उठली. "बाई, तुम्ही बसा ना!" मला बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. कितीही सांगितलं तरी बसेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाई, ते रोवण्याचं गाणं तुम्हाला मराठी विभागात घेऊन जायचं आहे ना? मग तिथे एम.ए. मराठीचंच मागतील. इंग्रजीचं एम.ए. घेऊन गेलात तर दारातच अडवतील."

"आणि तुलनात्मक?"

"त्याला जवळचा विषय मानतात की नाही, ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. विचारावं लागेल. मला खात्रीनं सांगता येत नाही."

तिलाही खात्री नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. घरी येताना एसटीत मी ठरवलं, मराठी. लाखांदूर रोडला लागेपर्यंत ठरवलं, इंग्रजीच, टी.सी. तिथे आहे ना. गावच्या फाट्यावर उतरताना वाटलं, हे सगळं सोडून कोंबड्या पाळाव्यात.

शेवटी कोंबड्यांना भिऊन नव्हे, गाण्याला भिऊन ठरलं. ते इंग्रजीत कसं म्हणणार? त्या मुलीनं बांधीत ठेवलेल्या भावाच्या हाकेला काय शब्द लावणार? भंडाऱ्याला तीन खेपा घालून टी.सी. सोडवून आणली. तिसऱ्या खेपेला तिथले बाबू म्हणाले, "मॅडम, एवढ्या चकरा तर आमचे रेग्युलर विद्यार्थी बी मारत नाईत."

साकोलीला प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. तीन वाजेपर्यंत कागद द्यायचे होते. अर्ज भरून, सही करून ठेवला होता, फक्त ऐच्छिक विषयाचा रकाना कोरा होता. लोकसाहित्य की भाषाविज्ञान? माणूस म्हणेल, यात विचार कसला करायचा, गाण्यावर अभ्यास करणारी बाई लोकसाहित्यच घेईल. पण मी तीन दिवस अडकून बसले होते, कारण 'विज्ञान' हा शब्द पाटीवर बरा दिसला असता.

ह्यांच्या मागे स्कूटीवर बसून निघाले. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. गावाबाहेर रस्त्याला लागूनच मोठमायची बांधी. तिथे त्याच दिवशी रोवणा लागला होता! सात-आठ बाया, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, आणि ओळीच्या टोकाला मोठमाय. मला पाहून तिनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "येऊन राहिली का, का चालली डाक्टर व्हाले?"

"संध्याकाळी येते, मोठमाय."

"संध्याकाळी काय आहे? दुपारपर्यंत ही बांधी होते. पुढच्या सालापासून पोरगा धान सरळ पेरणार आहे म्हणते, लावणारच नाई. बाया भेटत नाईत."

मी स्कूटीवरून उतरले. खरं सांगते, तेव्हा मी काही ठरवलं नाही. फक्त पाय खाली आले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला असता. गाणं मिळालं असतं की नाही, कोणाला ठाऊक? पण एम.ए.शिवाय त्या गाण्याला दार उघडणार नाही, हेही खरं. मी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा बांधीकडे, पुन्हा ह्यांच्याकडे. ते कंटाळले.

"दे ती पिशवी इकडं," ते म्हणाले. "सही झाली आहे ना? मी देतो नेऊन."

"तो एक रकाना राहिला आहे."

"फोन करीन."

फोन मी रेकॉर्डिंग सुरू करून बांधीच्या कडेला धुऱ्यावर, छत्रीखाली ठेवला आणि नवीकोरी साडी खोचून चिखलात उतरले. गाणं सुरू झालं. फणी ठेवली, काकण ठेवलं. माझ्या ओळी वाकड्या जात होत्या आणि शेजारची बाई हसत होती, "मास्तरीण बाई, तुमचे पऱ्हे तर पोहून राहिले!" मधेच धुऱ्यावर फोन वाजायला लागला. वाजत राहिला. हात कोपरापर्यंत चिखलात, आणि मोठमाय गाण्यातल्या नेमक्या शेवटच्या बांधीशी आलेली. मी उठले नाही.

शेवटच्या बांधीत ती मुलगी काहीच ठेवत नाही. नुसती मागे वळून सगळ्या बांध्या उलट्या मोजते, आणि एक कमी भरते. कोणती, ते गाणं सांगत नाही.

"मंग कोणती हरवली?" मी विचारलं.

"मले काय ठाऊक?" मोठमाय म्हणाली. "तू शिकून राहिली ना, तू शोध."

चार वाजता हे परत आले, पावती घेऊन. रकान्यात भाषाविज्ञानावर खूण होती.

"हे कोणी केलं?"

"फोन तू उचलला नाई. तिथला बाबू घाई करून राहिला होता. मले वाटलं, गाणी तर मोठमाय शिकवतेच, मंग त्याच्यासाठी कॉलेज कायले पाहिजे? दुसऱ्यावर टिक केली."

मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. दोन वर्षं स्वन आणि रूप, म्हणजे भाषेतले ध्वनी आणि शब्दांचे घटक, यांच्या मागे धापा टाकत धावले. वर्गात बावीस वर्षांच्या पोरी मला नोट्स द्यायच्या, मी त्यांना शेंगदाण्याचे लाडू द्यायची. आमच्या बोलीतले उच्चार कागदावर कसे उतरवायचे, ते तिथेच शिकले. नाहीतर मोठमायचं गाणं मी पुस्तकी मराठीत लिहून त्याचं वाटोळं केलं असतं. पण हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरात राहणं कठीण झालं असतं.

एम.ए. झालं, प्रवेश परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली, आणि पीएच.डी.ची मुलाखत आली. समोर चार जण. एकानं गुणपत्रिका पाहून विचारलं, "तुमचा विषय लोकगीताचा, मग ऐच्छिक भाषाविज्ञान निवडण्यामागे काय भूमिका होती?"

भूमिका! मी सुंदर उत्तर पाठ करून गेले होते. बोलीचं ध्वनिरूप, अमुक तमुक. पण तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. "सर, ते मी नाही निवडलं. आमच्या ह्यांनी निवडलं. मी त्या वेळी बांधीत होते, हात भरले होते."

मग कोपऱ्यातल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रवेशाच्या दिवशी तुम्ही गाणं गोळा करत होता?" आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर हे व्हरांड्यात डबा घेऊन बसले होते. मला पाहून उठले. "काय विचारलं?"

"तुमचंच विचारलं सगळं."

"मंग?" ते म्हणाले. "पास झालो का मी?"