सोळाशे मीटर आणि एक ‘कबूल’

आमचा दिग्विजयदादा सोळाशे मीटर पाच मिनिटं बारा सेकंदांत पळतो. तीन वर्षं, रोज पहाटे, हडपसरच्या कालव्याच्या कडेनं. अग्निवीरची लेखी निघाली, मैदान निघालं, मेडिकलला डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून ‘नेक्स्ट’ म्हटलं. राहिला फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. पुढच्या भरतीला त्याचं वय बसणार नव्हतं, त्यामुळे जे काय व्हायचं ते याच वेळी.

दाखल्याला पोलीस ठाण्यात मीही सोबत गेले. तिथल्या हवालदारांना प्रत्येक वाक्याला ‘काय?’ लागतं. उत्तर नको असतं, नुसतं लागतं.

“नाव टाकलंय, काय? थांबा जरा, काय? अहो, तुमच्यावर तर गुन्हा आहे. काय?”

“ती गणपतीची केस साहेब,” दादा हसत म्हणाला. “ती संपली.”

“शिक्षा झाली म्हणून संपली. दोषी लिहिलंय इथं. काय?”

दादाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात दादा नव्हता.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची विसर्जनाची मिरवणूक स्पीकर लावून वेळेच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा मांडवात कुत्रंसुद्धा नव्हतं. पण फ्लेक्स होता. आमच्या फ्लेक्सवर बाप्पा छोटा आणि कार्यकर्ते मोठे असतात, प्रत्येक फोटोखाली नाव आणि पद. पोलिसांनी वरची पाच नावं उतरवून घेतली. पाचवं दादाचं, खजिनदार. त्यानं आयुष्यात पावतीपुस्तक हातात धरलं नव्हतं. पद मिळालं ते फोटो चांगला आला म्हणून. मिरवणुकीच्या वेळी हा घरी घोरत होता, सकाळी पळायला जायचं म्हणून.

मग लोकअदालतीची नोटीस आली. मंडळाचे अध्यक्ष अनंतभाऊ. ते स्वतःबद्दल असं बोलतात, जणू अनंतभाऊ शेजारी उभे आहेत.

“टेन्शन नाय घ्यायचं. अनंतभाऊ कशाला आहे? साहेब विचारणार, गुन्हा कबूल? आपण म्हणायचं, कबूल. दंड मंडळ भरणार. खाली उतरलं की मिसळ.”

“पण भाऊ, मी नव्हतोच तिथं.”

“अरे, नव्हतो म्हणालास तर तारखा लागतील. दहा वर्षं घाल खेटे. पळायला कधी जाणार?”

हे दादाला पटलं. पाच जण रांगेत उभे राहिले. कबूल, कबूल, कबूल, कबूल, कबूल. मिसळीला दादानं दोन पाव जास्त घेतले, सुटलो म्हणून.

आता आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “अपील? वा. दोन वर्षांनी आठवण झाली का? मुदत म्हणून काही असते, ऐकलंय आपण?” समजावून काहीच सांगितलं नाही, पण ‘आपण’ म्हणाले.

मग अनंतभाऊंकडे.

“लेटरहेडवर लिहून देतो ना! सदर कार्यकर्ता मिरवणुकीस गैरहजर होता. गोल शिक्का मारून!”

“भाऊ, हे तेव्हा का नाही दिलंत?”

“तेव्हा तू मागितलंस कुठं?”

दादानं ओठ दातांत धरला. बाहेर येऊन गाडीला किक मारली. गाडी सेल्फस्टार्ट आहे.

घरी पप्पांचं वेगळंच. पप्पा म्हणजे उत्तरेश्वर, मार्केट यार्डात हमाली करतात. पुण्यात वीस वर्षं काढली तरी जीभ अजून गावातच आहे.

“आधारवर पत्ता गावचाच हाय. तिकडनं दाखला काढू. तिथं तुज्यावर काय बी न्हाई. फारमात ‘नाही’ लिहायचं न् मोकळं व्हायचं.”

“आणि कळलं तर पप्पा?”

“कुनाला कळतंय? सगळे तसंच करत्यात.”

आई पोळ्या लाटत होती. “सगळे म्हणतात तसंच केलं होतं मागच्या वेळी,” एवढंच बोलली आणि पोळी उलटली. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर जाहिरात चालली होती.

कागद तपासायच्या दिवशी दादानं इथलाच दाखला नेला आणि फॉर्मवर, कधी शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलं. त्याला नकला येत नाहीत. त्यानं सांगितलं सपाट, त्यातला आवाज मी भरतेय. समोर सुभेदार होते, साताऱ्याकडचे, एक एक शब्द दगडासारखा ठेवणारे.

“केलं होतंस?”

“नाही साहेब.”

“मग कबूल का झालास?”

“सगळे झाले म्हणून.”

“उद्या सगळे पळाले, तर पळशील?”

सुभेदारांनी फॉर्म पुन्हा वाचला, मग दाखला. “खरं लिहिलंस. आवडलं मला. पण माझ्या आवडण्यावर नाही रे हे.” बाकीच्यांच्या फायली उजवीकडे चालल्या होत्या. दादाची डावीकडे गेली. डावीकडे ती एकटीच होती. संध्याकाळी परत मिळाली, वर लाल पेनानं ‘अपात्र’.

घरी पप्पा दोनदा “मी म्हनलं हुतं” म्हणायला आले आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन गेले.

चार दिवसांनी दादा मंडळाच्या ऑफिसात गेला. या वर्षीच्या फ्लेक्सची यादी चालली होती. त्यानं अनंतभाऊंना शांतपणे सांगितलं, “माझं नाव काढा. फोटो नको, पद नको, काही नको.”

अनंतभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. आवाजात खरोखरची माया होती, तीच तर बोंब.

“वेडा का काय! आता तर तू मोकळाच झालास ना? अनंतभाऊंनी आधीच ठरवलंय. या वर्षी तुला कार्याध्यक्ष!”