डंपरचा पिवळा रंग

तो भिंत चाटायचा. खोटं वाटेल तुम्हाला, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. तोंडातला तंबाखूचा खर्रा अंगणात थुंकायचा, बाहीने ओठ पुसायचा आणि जिभेचं टोक गिलाव्याला लावायचा. डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा आणि सांगायचा, "भाऊ, खार हाय अजून. ओल गेली नाई."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अशी किळस आली की हातातला चहा तसाच ओतून दिला. न्हाणीघर आमचं, अंघोळ माझी बायको करणार, आणि हा त्या भिंतीला जीभ लावतो! पण राजुऱ्यातले बाकीचे पेंटर माझ्याशी भांडून बसले होते. हा चामोर्शीकडच्या खेड्यातला, नवखा. माझी कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

मी भंगारवाला. सायकलवर पोतं टाकून सुरुवात केली, आता स्वतःचं गोदाम आहे. सांगितलेल्या भावाने मी आयुष्यात काडीपेटीसुद्धा घेतलेली नाही. त्यामुळे रंगाच्या दुकानदाराने कार्ड पुढे सरकवून "बाथरूमले वॉर्म शेड घ्या भाऊ, खोली गरम वाटते," असं म्हटलं तेव्हा मी कार्ड त्याच्याच अंगावर भिरकावलं. भाव असा की त्यात मी खोली विकत घेतली असती. माझ्या गोदामात पिवळ्या ऑइलपेंटचे दोन सीलबंद डबे पडले होते. लिलावातल्या लॉटमध्ये आलेले, खाणीतल्या डंपरना मारतात तो पिवळा. पिवळ्याहून गरम आणखी काय असतं?

एक गोष्ट मी पेंटरला सांगितली नव्हती. बायकोला गाठ निघाली होती. नागपूरला सहा-सात महिने औषधं चालली. जीव वाचला, पण केस गेले, कातडी चुलीतल्या राखेसारखी झाली. घरी आल्यापासून ती दिवा बंद करून अंघोळ करायची. भर सकाळी, दार लावून, अंधारात. दोन तांबे घेतले की बाहेर. एकदा घसरली, कोपर फुटलं. त्याच आठवड्यात मी जुनं न्हाणीघर पाडलं आणि नवं बांधायला घेतलं. तिने दिवा लावावा, एवढंच मला हवं होतं. पण असलं काही बोलायला मला जमत नाही. मला भाव करता येतो.

पेंटरने डबा उघडला, वास घेतला, झाकण पुन्हा ठोकलं.

"हा डंपरचा हाय."

"मग?"

"इथी डंपर न्हाते का, भाऊ?"

"फुकट आहे तो. मुकाट्याने मार."

"मारतो ना. पण पिवळ्या खोलीत दिवा लावला का माणूस काविळीचा दिसते. कोण न्हाते इथं?"

"तुले काय करायचं?"

"करायचं काऊन नाई? भिंतीचा रंग अंगावर पडते. कपडे नसले का जास्तच पडते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. डोक्यावरचा पदर तिने कानापर्यंत ओढला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डबा बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवशी वाट्या घेऊन आला. उरलेसुरले रंग त्यात कालवून त्याने भिंतीवर तळहाताएवढे चार पट्टे ओढले, दिवा लावला आणि हाक मारली, "बाई, जरा हात द्या इकडे."

माझं डोकंच फिरलं. खर्र्याने किटलेले दात, नखांत चुना, आणि हा माझ्या बायकोचा हात मागतो! त्याचं बखोट धरायला मी पुढे झालो, तोवर ती आत गेली होती. तिने पहिल्या, गुलाबीसर पट्ट्याशेजारी हात टेकवला.

"नाई," तो म्हणाला. "मेल्यावानी दिसते."

माझ्या घरात तो शब्द! मी त्याची मानगूट पकडली. आणि बायको हसली. "अवं सोडा त्याले," ती म्हणाली, "मेल्यावानीच तं दिसून राह्यला हात."

येणारा प्रत्येक नातेवाईक "चांगली दिसते हो आता" म्हणायचा, नजर चोरायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. शिसारी यायची मला त्या लोकांची. मीही रोज तेच म्हणत होतो.

चौथा पट्टा तांदळाचं पीठ मंद भाजल्यावर होतं तसा होता. त्याच्याशेजारी तिचा हात बराच वेळ राहिला.

"यात रंग कुठी हाय?" मी विचारलं.

"भाऊ, तुमी बाहेर बसा," तो म्हणाला. मी बाहेर बसलो, आणि नंतर दुकानदार म्हणाला त्या भावात नवा डबा आणला. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

रंगाचा एक हात मारून झाला आणि त्याने पुन्हा ती जीभ लावली. "दुसरा आत्ता नाई. महिनाभर वाळू द्या, नाईतं पापडासारखा सुटन." तोवर तो बायकोसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाणार होता, सारं गावच जात होतं. मी म्हटलं, "पेंटर असून मिरच्या तोडतोस? लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "तिले एकटीले पाठवू का?"

मिरचीचा हंगाम संपला. गाव परतलं, तो आला नाही. फोन बंद. मी मोटारसायकल काढून त्याच्या खेड्यात गेलो. शेजारीण म्हणाली, "ते दोघं तिकडंच राह्यले. काऊन, ते मालूम नाई." दाराला कुलूप होतं. त्या कुलपाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. अर्धं काम टाकून पळणाऱ्या माणसाचा मला तिटकारा आहे.

कोपऱ्यांतून गिलावा अजून दिसतो. दोनदा मी दुसरा पेंटर घेऊन आलो, दोन्हीदा बायकोने त्याला दारातून परत पाठवलं. "त्याले येऊ द्या," म्हणते.

रोज सकाळी दाराखालून उजेडाची पट्टी ओसरीवर येते. अर्धा तास होतो, पाऊण तास होतो. टॉवेल खांद्यावर टाकून मी बाहेर ताटकळतो. "झालं का?" मी ओरडतो.

आत पाणी पडत राहतं. "नाई," ती म्हणते, "तुमी उद्या न्हा."