माइनकाठचा दहावा दिवस

चौतीस वर्षांच्या नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या गुन्ह्यातला कोयता कुठल्या विहिरीत सापडला हे सांगताना माझा गोंधळ होतो. ही एक घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती नोकरीतली नाहीच. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. अंगावर खाकी नव्हती, हाताशी हवालदार नव्हता आणि हद्द थेट जर्मनीतली.

माझी मुलगी आणि जावई र्युसेल्सहाइमला राहतात. जावई गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. नात पाच वर्षांची. आपण मराठीत बोललेलं तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिकडे गावाबाहेर बागेचा तुकडा भाड्यानं मिळतो, त्याला श्रेबरगार्टन म्हणतात. यांचा तुकडा माइन नदीच्या एका जुन्या फाट्याला लागून होता. पाणी जवळजवळ थांबलेलं, काळं, दोन्ही काठांना उंच लव्हाळं. नात जन्मली त्या वर्षी जावयांनी तिथं सफरचंदाचं झाड लावलं होतं. मी पोचलो त्याच आठवड्यात ते झाड आडवं झालं. बुंधा पेन्सिलीसारखा टोकदार कुरतडलेला. बीबरचं काम. हा पाण्यात राहणारा जाडजूड प्राणी, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, दातांनी झाडं पाडतो. तिकडच्या कायद्यात त्याच्या केसालाही धक्का लावायची सोय नाही. नात दोन दिवस रडली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका शनिवारी जावई मित्रांबरोबर ग्रिल करायला म्हणून गेले आणि रात्री दीडला परतले. मी जागाच होतो. आल्या आल्या ते न्हाणीघरात शिरले आणि बराच वेळ पाणी वाहत राहिलं. हे मला खटकलं. कारण रात्री दहानंतर शेजाऱ्यांना नळाचासुद्धा आवाज जाता कामा नये, ही शिकवण मला आल्या दिवशी त्यांनीच दिली होती. सकाळी बाल्कनीत बुटांपासून शर्टापर्यंत सगळं निथळत होतं. माणूस कपड्यांसकट न्हाला होता.

खबर दिली ती मुलीनं, गुरुवारी. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, ह्याचं काहीतरी बिनसलंय. जमिनीवर झोपतो. पाठीचं कारण सांगतो."

"आणि?"

"आणि काय, देवापुढं दिवा तोच लावायचा रोज. आता म्हणतो, तू लाव. तुम्ही जरा बघा ना. मी विचारलं की नुसतं आल्झो, आल्झो, म्हणजे आपलं 'तर मग, तर मग', करत उठून जातो."

तिला वाटत होतं, नोकरीवर गदा आली असावी. बायकोला नवऱ्याबद्दल शंका आली की ती निम्मी बरोबर असते, निम्मी चुकते. मी बायकोच्या शंकेवर कधी गुन्हा दाखल केला नाही, पण ती कधी कचऱ्यातही टाकली नाही.

सवयीप्रमाणे एका वहीत टिपण केलं. शनिवारपासून दाढी नाही. मंगळवारी मुलीनं शिरा केला, त्याला हात लावला नाही. देवघराकडे पाठ. जमिनीवर झोप. मध्यरात्री कपड्यांसकट अंघोळ. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. हे आजारपण नव्हतं. हे सुतक होतं. पुण्याला विहीणबाईंना सहज म्हणून फोन लावला. त्यांच्याकडे सगळे ठणठणीत होते, उलट माझ्याच गुडघ्यांची चौकशी झाली.

मग हा माणूस कुणाचं सुतक पाळत होता?

ठाण्यात असतो तर समोर बसवून तासाभरात काढून घेतलं असतं. पण ज्याला आपण पाट मांडून बसवतो, अहो-जाहो करतो, त्या जावयाची उलटतपासणी कशी घ्यायची? मी दोन अट्टल खुनी बोलते केले आहेत, पण त्या घरात मला साधा प्रश्न विचारायला वाकडी वाट घ्यावी लागली. शनिवारी काय भाजलंत, एवढंच विचारलं. म्हणाले, पनीर आणि मका.

शुक्रवारी त्यांचा मित्र घरी आला. तो नागपूरचा, त्यांच्याच ऑफिसातला. त्याला तोच प्रश्न विचारला.

"चिकन, काका. मस्त झालं होतं. सावजी मसाला घरून आणलेला आहे माझ्याकडे, तोच लावला. रात्रभर मुरवलं होतं."

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो.  त्याच्या कपात चहा ओतला आणि त्याच्याकडे बघत बसलो. शांतता ही पोलिसाची सगळ्यात स्वस्त काठी आहे. दोन मिनिटांत कप खाली ठेवून तो उठला.

"काका, तुम्ही त्यालाच विचारा. मी फक्त वल्हं धरलं होतं."

म्हणजे होडी होती. रात्रीची होडी, भिजलेले कपडे आणि सुतक.

त्याच संध्याकाळी नातीला घेऊन बागेकडे फिरायला गेलो. वाटेवरच्या प्रत्येक खांबावर एका म्हाताऱ्याचा फोटो चिकटवलेला होता. पांढरी मिशी, हसरा चेहरा. मला जर्मन येत नाही, पण हरवलेल्या माणसाची नोटीस कुठल्याही भाषेत कळते. नात बोट दाखवून म्हणाली, "डेअर ओपा इस्ट वेक." आजोबा हरवलेत. पुढं तिनं हातांनी पोहण्याची नक्कल केली. बागवाल्या एका बाईंना थोडं इंग्रजी येत होतं, त्यांच्याकडून बाकीचं कळलं. हे गृहस्थ याच फाट्यात सकाळ-संध्याकाळ पोहायचे. शनिवारी संध्याकाळपासून पत्ता नव्हता.

 आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन वाईट बातम्या दिल्या, पण तशी वेळ स्वतःच्या मुलीवर यायची शक्यता कधी मनात आली नव्हती. माझ्या मुलीचा नवरा एका माणसाला मारून आला होता का? प्रश्न एवढाच होता, आणि तो विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

मी दिवस मोजले. शनिवार पहिला धरला तर दहावा सोमवारी येत होता. जो माणूस इतकं पाळतो तो दहावा चुकवणार नाही, अशी माझी खात्री होती.

सोमवारी पहाटे चारला स्वयंपाकघरात हालचाल झाली. कुकर लावला नव्हता, शिट्टी झाली असती. पातेल्यात भात शिजत होता. थोड्या वेळानं दार हळूच लागलं. मी अंतर ठेवून मागं निघालो. तिकडे जूनमध्ये साडेचारला फटफटतं, पण त्या दिवशी पाण्यावरून धुकं आलं होतं आणि पंचवीस-तीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. कुठंही माणूस नाही. फक्त खांबाखांबावरचा तो म्हातारा हसत होता, आणि जावई प्रत्येक खांबाशी रस्ता ओलांडत होते.

बागेच्या टोकाला, पाडलेल्या झाडाजवळ, त्यांनी केळीचं पान नाही म्हणून मुळ्याची पानं अंथरली. त्यावर भाताचा पिंड ठेवला, वर काळे तीळ. आणि मागं सरून उकिडवे बसले. समोरच्या वठलेल्या फांदीवर एक कावळा होता. तिकडचे कावळे आपल्यापेक्षा मोठे आणि काळेकुट्ट. तो पिंडाकडे बघत होता, पण जागचा हलत नव्हता.

बराच वेळ गेला. मला उभं राहवेना. मी जाऊन शेजारी बसलो. ते दचकले नाहीत.

"शिवत नाही, बाबा," एवढंच म्हणाले.

"काहीतरी राहिलं असेल त्याचं. कोण आहे?"

मग ते बोलले. झाड पाडणारा बीबर मारायचा बेत होता. त्यांच्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी तिरंदाजीच्या क्लबात जातो. बंदुकीचा आवाज होतो, धनुष्याचा होत नाही. तिघं त्याच्या रबराच्या होडीतून फाट्यात उतरले. नागपूरकर वल्ह्यावर. पाण्यावर एक काळं, गोल डोकं सरळ रेषेत जाताना दिसलं. सहकाऱ्यानं धनुष्य जावयांच्या हातात दिलं. झाड तुझं, बाणही तूच मार, म्हणाला. पंधरा दिवस त्याच्याच बागेत गवताच्या भाऱ्यावर सराव झाला होता. बाण सुटला. पाण्यावर कुणीतरी फळी आपटावी तसा मोठा आवाज झाला आणि डोकं बुडालं.

"आणि मग काठाकडून कण्हणं ऐकू आलं, बाबा. माणसाचं. बारीक, रडल्यासारखं. आम्ही बॅटरीसुद्धा लावली नाही, कुणी बघेल म्हणून. होडीत मी थरथरत होतो, काठाला लागताना पाण्यात पडलो. आणि सोमवारी ते फोटो लागले."

"सुतक आपल्या माणसाचं असतं, जावईबापू."

"त्याचं करायला कुणी आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हटलं, मारणाऱ्यानंच करावं."

 आपल्याकडे कावळा शिवला नाही की कुणीतरी पुढं होऊन शब्द देतो, तेच मी त्यांना करायला सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "मी पोलिसांत जाऊन खरं सांगेन." कावळ्यानं मान वळवली, पण तो उतरला नाही.

तेवढ्यात वारा फिरला आणि वास आला. तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला जन्मभर ओळखू येतो. बुडालेलं प्रेत उन्हाळ्यात काही दिवसांनी फुगून वर येतं. मी जावयांना तिथंच बसायला सांगितलं, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला आणि लव्हाळ्यात शिरलो. हे काम मी शेकडो वेळा केलं आहे. त्या दिवशी मात्र पडलेली एक काठी उचलून थांबत थांबत पुढं सरकलो. धुक्यात पाण्यावर काहीतरी काळं, फुगलेलं तरंगत होतं, त्यात बाण उभा होता. मी काठीनं ते पालथं केलं. आधी केस दिसले. दाट, तपकिरी. मग चपटी शेपटी वर आली.

मी तिथंच चिखलात बसलो. हसावं की रडावं कळेना. मग ओरडून सांगितलं, "माणूस नाही! बीबर आहे!"

जावई धावत आले, पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागले. मग मी जे बोललो ते इथं लिहायची लाज वाटते, पण आठवणी लिहायच्या तर सगळ्या लिहाव्यात. मी म्हणालो, "सुटलात. बाण उपसून घ्या, हे चिखलात दाबू, आणि घरी चला. तुमचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडलाय. कुणाला काही कळायचं कारण नाही." चौतीस वर्षं मी आरोपींना सांगत आलो होतो, खरं बोल, तुझं भलंच होईल. घरची वेळ आली तेव्हा पुरावा नष्ट करायचा सल्ला माझ्याच तोंडून निघाला.

ते काही बोलणार तोच आवाज आला. बारीक, लांबवलेलं कण्हणं. तान्ह्या पोरासारखं.  जावयांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, तोच आवाज."

काठाला काटक्या आणि चिखलाचा मोठा ढीग होता. आवाज त्याच्या आतून येत होता. एक नाही, दोन-तीन. दिवस उजाडत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि जमिनीच्या पोटातून पोरं रडत होती. ते बीबरचं घर होतं. बाण आईला लागला होता.

जावई वळले आणि पिंडासमोर जाऊन उभे राहिले. फार हळू बोलले, पण मला ऐकू आलं. "तुझ्या पिल्लांची सोय केल्याशिवाय घरी जाणार नाही." ते दोन पावलं मागं सरले असतील, कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मी असल्या गोष्टी मानत नाही. पाहिलं ते लिहिलं.

तिथून ते थेट पोलीस ठाण्यात गेले, तसेच, चिखलाच्या पायांनी. मी बरोबर होतो. जन्मात पहिल्यांदा मी ठाण्याच्या बाकावर बाहेरच्या बाजूला बसलो. समोरची पोलीसबाई तरुण होती. तिनं आधी म्हाताऱ्याचं सांगितलं. ते गृहस्थ बुधवारीच कोलोनला बहिणीच्या घरी सापडले होते, विसराळूपणात गाडीत बसून गेलेले. फोटो लावायला सगळी वस्ती धावली होती, काढायला कुणी फिरकलं नव्हतं, आणि बागवाल्या बाईंपर्यंतही बातमी पोचली नव्हती. सापडलेल्या माणसाच्या फोटोंना आम्ही पाच दिवस घाबरत होतो. मग तिनं फोन करून वन्यप्राण्यांच्या माणसाला फाट्यावर पाठवलं. त्याचा निरोप तासाभरात आला. पिल्लं जिवंत होती. बाप आणि थोरली भावंडं त्यांना पाला आणून घालत होती. तो रोज लक्ष ठेवणार होता.

बीबर मारल्याचा खटला झाला, दंड झाला. नागरिकत्वाचा अर्ज मागं पडला. जर्मन सहकारी बोलायचा बंद झाला, नागपूरकर दोन महिन्यांनी जेवायला आला. बागेत नवं झाड लावलं आहे, भोवती तारेची जाळी. मुलीला त्याच दिवशी सगळं सांगितलं, माझ्या सल्ल्यासकट. ती माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही. तिचा राग जावयांवर नव्हता.

मी शिकलो ते जबाबाच्या शेवटी. पोलीसबाईनं लिहिता लिहिता माझ्याकडे पेनानं दाखवत काहीतरी विचारलं. जावयांनी मला मराठीत सांगितलं, "विचारतात, हे कोण? मी म्हटलं, सासरे, निवृत्त पोलीस अधिकारी." तिनं पुन्हा एक प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी मला भाषांतर करून सांगितलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला म्हणाले, "गेनाऊ." बरोबर, असा त्याचा अर्थ, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. तिनं उठून माझ्याशी हात मिळवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारत होती. म्हणाले, "विचारत होती, इथं येऊन खरं सांगा, असं यांनीच तुम्हाला सांगितलं ना?"

मी हजारो जबाब नोंदवले आहेत. त्या जबाबात एकच वाक्य खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.