चांदणीवाल्या नाण्याची चोरी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग त्या जावयाचं पडलेलं तोंड दिसतं. तेव्हा मी भोरला फौजदार होतो. नवरात्र नुकतंच बसलं होतं, ठाण्यात बंदोबस्ताची आखणी चालली होती. एवढ्यात एक निवृत्त हेडक्लार्क प्लॅस्टिकची रिकामी डबी नाचवत आत आले. "साहेब, माझा दुर्मिळ ठेवा चोरीला गेला!"

ठेवा म्हणजे पाच रुपयांचं नाणं. तेही आत्ताच्या चलनातलं.

ठाणे अंमलदाराने शांतपणे विचारलं, "मालाची किंमत काय लिहू? पाच रुपये?"

झालं! गृहस्थांनी आमची शाळाच घेतली. नाण्यावरच्या सालाखाली बारीक चांदणी असली की नाणं हैदराबादच्या टांकसाळीचं. त्यांच्या नाण्याच्या सालची चांदणीवाली फार थोडी निघाली, म्हणून ती मिळत नाहीत. पण नुसतं दुर्मिळ असून भागत नाही, नाणं कोरं पाहिजे. बाजारात एकदाही न फिरलेलं, कडा शाबूत, झळाळी जशीच्या तशी, बोटाचा ठसासुद्धा नको. तसल्या नाण्याला शौकीन लोक वाट्टेल ती किंमत देतात म्हणे. अंमलदार खिशातली चिल्लर काढून चांदणी शोधायला लागला, तेव्हा मला डोळे वटारावे लागले.

"संशय कुणावर?"

"जावयावर!" विचार करायलासुद्धा थांबले नाहीत.

जावई वेल्ह्याकडचा, टेम्पो चालवायचा. सासूच्या घटासाठी शेतातली माती द्यायला तो घरी येऊन गेला होता. सासऱ्यांना टेम्पोवाला जावई मुळातच पसंत नव्हता. मी गुन्हा दाखल न करता नुसता अर्ज घेतला. जावयाचं नाव चोर म्हणून कागदावर चढलं की लेकीचा संसार मोडलाच म्हणून समजा; अशी घरं मी पाहिली आहेत.

आसपासच्या दुकानदार-ढाबेवाल्यांना मात्र नाण्याचं कानावर घालून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी कापूरहोळच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. एक टेम्पोवाला पाचाचं नाणं दाखवून त्याला काय भाव येईल असं विचारत होता. आम्ही त्याला ठाण्यात आणलं; तो जावईच निघाला. झडतीत खिशातून नाणं निघालं आणि त्यावर चांदणीही निघाली! अंमलदाराने टेबलावर थाप मारली. "बोल आता!"

"चहाच्या सुट्ट्यात आलं, साहेब. मामांना लई हौस हाय ना, म्हून ठेवलं त्यांना द्यायला. पर आधी म्हटलं, खरंच भारी हाय का इचारावं. न्हाईतर परत तेच म्हणायचे, ह्याला काय कळतंय!"

सासरे भिंग घेऊन आले. नाणं कडेने धरून उलटंपालटं केलं आणि नाक मुरडलं. "हे माझं नव्हे. फिरलेलं आहे. कडा बघा, झळाळी बघा. टाकाऊ!"

म्हणजे जावई सुटला. पण त्याचा चेहरा असा काही उतरला की मलाच कसंतरी झालं. उठताना तो म्हणाला, "मामा, आता तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई. आन दिवाळीला हिलाबी धाडणार न्हाई."

मी दोन पंच घेऊन सासऱ्यांच्या घरी गेलो. कपाटाला कुलूप नव्हतं, काही उचकटलेलं नव्हतं; चोर घरातलाच. सासूबाई चहा घेऊन आल्या. मी सवयीने घटाला हात जोडले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. कलशात सुपारीबरोबर नाणं घालतातच.

"बाई, कलशात नाणं कुठलं घातलंत?"

"ह्यांच्या डबीतलं. एकदम कोरं होतं. देवीला काय वापरलेलं घालू व्हय?"

"अगं, मग बोलली का नाहीस?" सासरे किंचाळले.

"तुमी म्हणत होता मोठा ठेवा गेला! मला वाटलं सोनंनाणं काय लपवून ठेवलं होतं की काय. पाच रुपयांसाठी ठाण्यात जाईल असा माणूस असतो, हे मला काय ठाऊक?"

"साहेब, जप्त करा! हळदीच्या पाण्यात पडलंय हो ते!"

"घट बसलाय," बाई आडव्या उभ्या राहिल्या. "दसऱ्यापर्यंत हलणार न्हाई."

मी पंचांकडे पाहिलं. दोघेही हात जोडून दाराबाहेर जाऊन उभे होते. उभ्या नोकरीत भल्याभल्यांच्या घरात घुसलो, पण त्या कलशाला हात लावायची माझी छाती झाली नाही. पुढे सासरे रोज त्या घटापुढे बसून असायचे. शेजाऱ्यांना वाटलं, केवढी ही भक्ती!

दसऱ्याला नाणं निघालं ते काळंपिवळं, डागाळलेलं. भिंगातून पाहून गृहस्थ मटकन खाली बसले. "संपलं. आता हे पाच रुपयांचंच."

"नाणं गेलं ते गेलं," बाई म्हणाल्या. "माझी लेक दिवाळीला यायची का न्हाई, ते बोला."

संध्याकाळी ते आपट्याची पानं घेऊन वेल्ह्याकडे निघाले, आणि मलाही ओढून नेलं. म्हणे, "पोलीस बरोबर असले की तो शिव्या देणार नाही." नोकरीने मला एक शिकवलं: माणूस आरोप करताना एकटा येतो, माफी मागायला मात्र त्याला सोबत लागते.

जावई दारातच उभा होता, मागे लेक. सासऱ्यांनी पान पुढे केलं. "सोनं घ्या. माझं चुकलं."

त्याने पान घेतलं, कडेने धरलं, उजेडात नेऊन दोन्ही बाजूंनी निरखलं.

"किडकं हाय, मामा," तो म्हणाला. "या आत."