सिंधूमावशीचा उंबरा आणि आमचं गवत

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साठत जातात. लूमखाली कापसाची धूळ साठते तसे. आमच्याकडे ते सचिन स्टेशनच्या पुढच्या एका गावातल्या तळ्याकाठी साठले. त्या तळ्याला घाई अशी नाहीच. पांडेसऱ्याच्या मिलची खडखड कानात घेऊन आम्ही तिथे पोचायचो आणि थोड्या वेळानं आपण कशाला आलो तेच विसरायचो!

आम्ही म्हणजे मी, माझ्याच खात्यात लूम चालवणारा कैलास आणि डाइंगवाले वसंतदादा. काठावर कैलासच्या आईचं, सिंधूमावशीचं, मातीचं घर. दर पावसाळ्यात वरच्या शेतांचं पाणी तळ्याकडे धावताना या घरातून जायचं. मागच्या वर्षी तर खाटेपर्यंत आलं. कैलासनं शेवटचं बजावलं, औंदा पाणी उंबऱ्याच्या आत आलं की टेम्पो आणतो, मग तू पांडेसऱ्याच्या खोलीत. मावशी म्हणाली, "मी आठेच ऱ्हासू!" इथून हलायची तिची तयारी नव्हती, पण शर्त तिनं कबूल केली. नवऱ्यानं हातानं बांधलेलं घर होतं ते.

*

गावात तळ्यांचं काम करणाऱ्या हेतलबेन यायच्या. आम्ही त्यांना ऐटीत म्हटलं, "बेन, सिमेंटची भिंत घालू. आम्ही चौघांना गोळा करतो."

बेन हसल्या. "दीवाल साथे पाणी झगडे, भाई. घास साथे बेसीने वातो करे."

पाणी भिंतीशी भांडतं, गवताशी बसून बोलतं; वाळ्याचं गवत लावायचं, त्याची मुळं खोल जातात, पाणी अडत नाही पण दमानं चालतं, असं त्यांनी समजावलं. वसंतदादा भारावून म्हणाले, "म्हणजे पाण्याला बसायला पाट द्यायचा!" त्या दिवसापासून आम्ही गवतवाले झालो.

*

पहिल्या सुट्टीत मी आणि कैलासनं दिवसभर खपून रोपं लावली. दोरी धरून, एकदम सरळ ओळी, शेताकडून तळ्याकडे. बेन आल्या आणि डोक्याला हात लावून उभ्या राहिल्या.

ओळी उताराला आडव्या हव्या होत्या. आम्ही उभ्या लावल्या होत्या, म्हणजे पाण्याला घरापर्यंत गल्ल्याच काढून दिल्या! पण लूमवाल्याचा हात तो. आधी ताणा म्हणजे उभे धागे, मग आडवा बाणा.

सिंधूमावशी ओट्यावरून म्हणाली, "ताणा झाया ना? आते बाणा भरा!"

सगळं उपटून पुन्हा लावलं. त्या संध्याकाळी कंबर धरली होती, पण तळ्यावर इतका गारवा आला की कुणालाच उठवेना.

*

वसंतदादांनी आयुष्यभर मिलमध्ये कापडाच्या रंगाचा शेड जुळवला. त्यांना तळं नुसतं बघता येत नाही. बाटलीत पाणी भरून उजेडाला धरतील आणि निकाल देतील, "काल मोरपंखी होतं. आज मेंदी, अर्धा शेड फिका."

एकदा लव्हाळ्यात ऊन उतरलं होतं. दादांनी बाटली भरून उजेडाला धरली. मी विचारलं, "काय शेड, दादा?"

"याला नंबर नाही रे," म्हणाले, आणि बाटली हळूच तळ्यात रिकामी केली.

*

कोवळ्या गवतावर म्हशींचा डोळा होता. कैलासनं मिलमधल्या रिजेक्ट साड्या आणून चारी बाजूंनी बांधल्या. वाऱ्यावर गुलाबी, पिवळ्या साड्या हलायला लागल्या आणि अख्खा काठ लग्नघरासारखा दिसू लागला.

पुढच्या खेपेला पाहतो तर तिथे तीन नारळ आणि उदबत्ती! जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, नवं देवस्थान झालं.

बेनना म्हटलं, पाटी लावू का? त्या म्हणाल्या, "रेवा दो ने, राहू द्या! देवाचं गवत कोण तुडवतं?"

*

मग पाऊस आला. सलग दोन दिवस. तिसऱ्या सकाळी उघडीप मिळताच मी आणि वसंतदादा बाइकवरून निघालो. कैलास टेम्पो घेऊन मागून येत होता.

गवताच्या ओळी गाळ धरून उभ्या होत्या. पाणी खरंच दमानं तळ्यात उतरत होतं. पण घरात भिंतीला चार बोटं ओल. मावशी ओल्या जमिनीवरच शेणानं भराभरा सारवत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "कैलासले काई सांगू नका, भो!"

तेवढ्यात टेम्पो थांबला. कैलास दारात. ताज्या सारवणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"माय, घरमा पाणी उनं का?"

"पाणी? कोनतं पाणी?"

आणि खाटेखालच्या खळग्यात बोटभर मासा फडफडला.

कैलास वाकला. खळग्यातल्या पाण्यासकट मासा ओंजळीत घेतला, गवताच्या ओळी ओलांडत तळ्यापाशी गेला आणि सोडून आला. हात पँटला पुसले.

टेम्पोवाला आत डोकावला. "भैया, सामान किधर है?"

कैलास आईशेजारी ओट्यावर बसत म्हणाला, "सामान? कौनसा सामान?"