खिळा नको म्हटलं ना!

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, तरच सांगते. कारण या गोष्टीचा मला अजून राग येतो. राग कुणाचा यावा, ते तुम्हीच ठरवा!

इंटिरियरचा डिप्लोमा नुकताच झाला होता. माझ्या काकांचं पंचवटीत ट्रान्सपोर्टचं ऑफिस. बागायतदारांची द्राक्षं मुंबईला पोचवायची. ऑफिस कसलं, अडगळ! दोन घड्याळं, दोन्ही बंद. तारेला टोचलेली जुनी बिलं. आणि समोर भलंमोठं कॅलेंडर.

म्हटलं, "काका, मला द्या हे ऑफिस. शांत, मोकळं, पांढरंशुभ्र करते."

"कर. पण कॅलेंडर राहील."

"भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही!"

"मग अमावास्या कशी कळणार?"

"ट्रकला अमावास्या कळते का?"

"ट्रकला नाही, ड्रायव्हरला कळते!"

सांगा, अशा माणसांपुढे डोकं फोडायचं नाही तर काय करायचं?

शेवटी मी भांडून जिंकले. टेबलावर वस्तू नाही, कपाटांना मुठी नाहीत. स्टोअररूमचं दारसुद्धा भिंतीत मिसळून गेलेलं, पांढऱ्यात पांढरं. कोपऱ्यात दाबलं की टक्कन उघडतं. आतून उघडायची सोय? स्टोअरमध्ये कोण बसायला जातंय!

त्या दिवशी दिंडोरीचे बाळासाहेब येणार होते. काकांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना हे ऑफिस आवडलं, तर त्यांच्या नव्या ऑफिसचं काम मला. माझं पहिलं बाहेरचं काम! सकाळीच मी स्टोअरच्या दारावर रंगाचा शेवटचा हात मारला आणि काकांना बजावलं, "भिंतीला बोट लावाल तर याद राखा!"

बाहेर जीप थांबली. मी वळून बघते तर काय, काकांनी टेबलावर कॅलेंडर उभं करून ठेवलेलं! अंगाचा तिळपापड झाला. कॅलेंडर उचललं आणि लपवायला, रंग वाळावा म्हणून उघड्या ठेवलेल्या स्टोअरमध्ये धावले. तेवढ्यात बाळासाहेबांनी बाहेरचं दार उघडलं, वारा आला आणि माझ्या मागे, टक्!

आत मिट्ट काळोख. मोबाइल बाहेर ड्रॉवरमध्ये. टेबल मोकळं हवं ना!

बाहेरून बाळासाहेबांचा आवाज आला, "आबा, सामान कुठं गेलं? धंदा बंद करताय का काय?"

"नाही हो. पुतणीनं नवीन केलंय."

"काय केलंय?"

"मीपण तेच शोधतोय."

मी किंचाळले, "काका!"

"आबा, तुमची भिंत बोलायला लागली हाय!"

"मी आत आहे! दार दाबा!"

"कुठलं दार?" काका.

"समोरचं! उजवा कोपरा!"

"रंग ओला आहे ना गं? बोट लावलं तर याद राखा म्हणालीस."

"काका!!"

दाबलं एकदाचं. टक्क झालं, पण दार हलेना. ओल्या रंगानं ते चौकटीला घट्ट चिकटलं होतं. मी आतून खांद्यानं धडका मारतेय, आणि बाहेरून ओढायला मूठ कुठे आहे?

"धरायला काहीच ठेवलं नाहीस गं," काका म्हणाले. आवाज इतका गोड, की चावावंसं वाटलं. "एक उपाय आहे. पण तुला चालायचा नाही."

"काय?"

"खिळा."

बाहेर बाळासाहेब खोकले.

"ठोका!" मी ओरडले.

माझ्या शुभ्र दारावरचा हातोडीचा एकेक घाव माझ्या डिप्लोम्यावरच पडत होता, म्हणा ना! मग दोघांनी खिळा धरून हिसका दिला आणि मी धाडकन बाहेर. केसांना पांढरा रंग, छातीशी कॅलेंडर. काकांनी ते हळूच माझ्याकडून घेतलं, दार लावलं आणि कॅलेंडर त्याच खिळ्याला अडकवलं.

बाळासाहेब दोन पावलं मागे सरकले. मान वाकडी करून बघत राहिले.

"आता कसं ऑफिस वाटतंय! मोकळं बी लय भारी केलंस पोरी. काम तुलाच. बुधवारी ये. तेवढं अमावास्या नाय ना, बघ."

"बघते," म्हणून मी गर्रकन वळले आणि कॅलेंडरवर बोट फिरवायला लागले.

मागून काकांनी विचारलं, "मग, काढू का गं खिळा?"