यंत्राच्या पाया पड

"हात काढ. यंत्र आहे ते, शेणाची पाटी नाही."

सरांनी रूळ माझ्या बोटांवर मारला. फार जोरात नाही. दारात आलेल्या ढोराला हाकलताना मारतात तसा, सवयीने. वर्ग हसला. मी हात मागे घेतला.

धुळ्यातलं एक कॉलेज. अकरावी सायन्स, बायॉलॉजीचं पहिलं प्रॅक्टिकल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सोनगीरहून एसटीने यायचे. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच. वस्ती कुठली, ते मला सांगावंच लागलं नाही. पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर माझ्या आडनावावर थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे आता तुम्ही पण." तेवढ्यात सगळ्या वर्गाला कळलं.

मायक्रोस्कोप कसा सांभाळायचा ते मात्र सर फार प्रेमाने शिकवायचे. एक हात दांड्याला, दुसरा बुडाखाली. नळीला धरून कधीच उचलायचा नाही. आधी लहान भिंगाने बघायचं, मग मोठ्या. वरून डोळा लावलेला असताना मोठा स्क्रू खाली फिरवायचा नाही, भिंग काचेवर आपटतं. भिंगाला बोट लावायचं नाही, ओढणी लावायची नाही, त्याला वेगळा मऊ कागद असतो. काम झालं की पुसायचं, खोळ घालायची, कपाटात ठेवायचं. "नाजूक असतं रे ते. दुखवू नका त्याला," असं म्हणायचे. खरंच म्हणायचे. एवढी माया त्यांच्या आवाजात माणसाशी बोलताना मी कधी ऐकली नाही. शिपायाशी नाही आणि माझ्याशी तर नाहीच.

एका मायक्रोस्कोपवर आम्ही तिघी. वकिलाची शुभांगी, तिची मैत्रीण आणि मी. त्या दोघी स्क्रू फिरवायच्या, कांद्याचा पापुद्रा लावायच्या, बघायच्या. मग माझी पाळी. सरांनी माझ्यासाठी खास नियम केला होता. "हात पाठीमागे बांध आणि बघ."

प्रत्येकाचा डोळा वेगळा. शुभांगीला स्पष्ट दिसायचं ते मला धुरकट दिसायचं. बारीक स्क्रू केसभर फिरवला असता तर झालं असतं. पण हात पाठीमागे. मी वाकायचे, धुकं बघायचे आणि म्हणायचे, "दिसलं सर." पेशीची आकृती घरी पुस्तकातून काढायचे. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. तिथे काच स्वतः लावून, स्वतः स्क्रू फिरवून दाखवावं लागणार होतं. ते मी कुठून शिकणार, याची चिंता फक्त मला होती.

मला वाटायचं, माझंच काही चुकत असेल. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी कॉलेजच्या नळावर हात घासायचे. साबणाने. मग दगडाने. बोटांची सालटी निघेपर्यंत. सरांना दिसावं म्हणून बाकावर पंजे उघडे ठेवून बसायचे. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते. भिकाऱ्यासारखी हात दाखवत बसलेली मुलगी.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असायची. सगळे मायक्रोस्कोप टेबलावर रांगेत मांडले, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. मला सर म्हणाले, "तू व्हरांड्यात थांब. प्रसाद मिळेल." मी व्हरांड्यात थांबले. खिडकीतून सगळं दिसत होतं. सरांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि पहिल्या मायक्रोस्कोपच्या भिंगांना लावलं. एकेका भिंगाला, कपाळाला टिळा लावावा तसं, अगदी मनोभावे. भिंगाला बोट लावू नका म्हणणारे हेच. पण देवाचं काम, कोण बोलणार? मग खोळी चढल्या, कपाटं बंद झाली. प्रसादाचं खोबरं शिपायाने वरून माझ्या ओंजळीत टाकलं.

मग सहामाही परीक्षा आली, दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीनंतरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आमच्या बाकावर तोच मायक्रोस्कोप आला. शुभांगीने मोठं भिंग लावलं. काहीच दिसेना. भिंगांची गोल चकतीही फिरेना. सर आले, त्यांनी वाकून बघितलं आणि ओरडले.

"कोणी हात लावला?"

शुभांगीने माझ्याकडे बघितलं. एवढंच. बोलायची गरजच नव्हती.

"वाटलंच मला," सर म्हणाले. "इतकी वर्षं काही झालं नाही. ही आली आणि झालं."

मी म्हटलं, "सर, मी हातच लावत नाही. तुम्हीच लावू देत नाही."

"तोंड वर करून बोलतेस? ये इकडे. यंत्राच्या पाया पड. सगळ्यांसमोर नाक घास. विद्येची जागा आहे ही. नाहीतर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देणार नाही. बस मग अकरावीतच."

मी पुढे गेले. सगळ्यांना वाटलं, पडणार. मलाही वाटलं, पडणार. वाकले. वाकल्यावर भिंगं डोळ्यांसमोर आली. कडेला लाल गिलावा वाळून बसला होता. चकतीच्या फटीत लाल. काचेवर लाल.

मी सरळ उभी राहिले.

"सर, हे कुंकू आहे. पूजेचं. मी तर बाहेर होते."

कानाखाली बसली तेव्हा आवाज आधी आला, दुखलं नंतर. "पूजेला नावं ठेवतेस? तुझी लायकी काय?"

वर्गात सगळ्यांनी ते लाल बघितलं होतं. पूजेत सगळे हजर होते. कोणी हसलं नाही आणि कोणी बोललंही नाही. त्या शांततेत मला एकदम कळलं. हाताच्या स्वच्छतेचा प्रश्न कधी नव्हताच. मी दुधाने हात धुतले असते, कातडं सोलून टाकलं असतं, तरी ते हात माझेच राहिले असते. त्यांना यंत्र वाचवायचं नव्हतं. मी वाकलेली बघायची होती.

"मी पाया पडणार नाही," मी म्हटलं.

प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली नाही. "नमस्कार करायला काय जातं तुझं? आपण रोज करतो ना देवाला?" मी म्हटलं, "चोरी केली नाही, मग कबूल कशाला करू?" ते म्हणाले, "फार शेफारलीस."

घरी आबांना सांगितलं. आबा कधी कोणापुढे ताठ उभे राहिलेले मी बघितले नव्हते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पडी ले ना पाया, बाई. वरीस वाया जाई. आपलं कोन ऐकस?"

"नही पडाव, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते उठून बाहेर गेले. मला रडू आलं. राग सरांचा नव्हता. माझ्या बापाला ही भीती ज्यांनी शिकवली त्या सगळ्यांचा होता.

परीक्षेच्या दिवशी सरांनी सगळी नावं वाचली. माझं वाचलं नाही. मी दारात उभी राहिले. आत मुलं काचा लावत होती, स्क्रू फिरवत होती. परीक्षा संपली, मुलं गेली. सर कुलूप घेऊन बाहेर आले.

"अजून वेळ आहे. आत चल, पाया पड. आत्ता तुझी परीक्षा घेतो."

त्यांचा आवाज मऊ होता. यंत्राशी बोलायचे तसा. ते सगळ्यात जास्त झोंबलं.

"नाही सर. पुढच्या वर्षी मी याच वर्गात बसेन. तेव्हाही पडणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही रिटायर व्हाल, पण मला वाकलेली बघणार नाही."

सर हसले. कुलूप लावलं आणि निघून गेले.

वर्ष बुडालं. कोणी न्याय दिला नाही, कोणी माफी मागितली नाही. जूनमध्ये मी त्याच कॉलेजात, त्याच अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत उभी राहिले. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा वर्ष बुडवीन.